रिकामी खेप

मी दोर बोलतोय. विहिरी पाडणाऱ्या टोळीचा दोर. मोटेचा नव्हे आणि जनावर बांधायचाही नव्हे. माणसं खाली सोडायची आणि तीच माणसं वर काढायची, एवढंच काम मी आयुष्यभर केलं. त्यामुळे मला थोडा ताठा आहे, तो तुम्ही चालवून घ्या.

तुम्ही माणूस तोंडावरून ओळखता. मी त्याच्या वजनावरून ओळखतो. कोण दांडक्यावर घट्ट मांडी आवळून बसतो, कोण वर येताना पाय हलवतो, कोण अर्ध्या वाटेवर श्वास धरून ठेवतो, हे मला पाठ आहे. एकदा माझ्यावर बसलेला माणूस मी विसरत नाही. हा माझा गुण म्हणा की खोड म्हणा, पुढं जे घडलं ते सगळं त्यातूनच घडलं.

माझा जन्म तासगावच्या बाजूचा, सन त्रेचाळीसचा. ओढ्याकाठी केकताडाची, म्हणजे घायपाताची, बेटं होती. साळूबाई आणि तिचा नवरा ते केकताड कापून पाण्यात कुजवायचे, दगडावर बडवून वाख काढायचे आणि वाळवून त्याचे पेड वळायचे. मी तीन पेडांचा. मला न्यायला आप्पासो मुकादम स्वतः आला होता. दिवसभर तो तिथं बसून प्रत्येक पीळ बोटांनी चाचपत राहिला. मी तयार झाल्यावर त्यानं मला आंब्याच्या फांदीला बांधलं आणि पाय वर घेऊन लोंबकळला.

साळूबाईला हसू आलं. "आवं मुकादम, पडलासा म्हंजे?"

"पडलो तर मी पडंन," तो म्हणाला. "नव्या दोरावर पयला मीच बसतो."

पहिलं वजन त्याचं. अंगानं किरकोळ, पण स्थिर.

आप्पासोच्या टोळीनं विट्याकडं, खानापुराकडं, मग वडूजच्या पूर्वेच्या कोरड्या मुलखात विहिरी पाडल्या. रीत अशी होती. काठावर लाकडी रहाट रोवायचा. मी त्याच्यावर गुंडाळलेला. माझ्या शेंड्याला आडवं दांडकं, त्यावर एका वेळी एकच माणूस. खाली पहारीनं भोकं पाडायची, दारू ठासायची, वात लावायची, आणि सुरुंग उडायच्या आत सगळ्यांनी वर यायचं. खालून दोराला एक हिसका बसला की वरच्यांनी ओढायला लागायचं. वात पेटवायची ती मुकादमानं आणि वर यायचं ते सगळ्यात शेवटी, तेही मुकादमानंच.

रहाट ओढायला नाथाजी आणि कृष्णात हे दोघे असत. त्यांची पाठ विहिरीकडं असायची. वर येणाऱ्याचं तोंड दिसलं की ओढणाऱ्याचा हात ढिला पडतो, असं या टोळ्यांत मानत. म्हणून ते बघत नसत, विचारत. अर्ध्या वाटेवर माणूस आला की नाथाजी हाक द्यायचा, "कोन हाय?" आणि दांडक्यावरचा आपलं नाव सांगायचा. नाथाजीचे हात माझ्याइतकेच शहाणे होते, तो न विचारताच ओळखायचा. तरी आप्पासोनं त्याला बजावलं होतं, "वजनावर जाऊ नगंस नाथाजी. इचार."

आप्पासो ओरडत नसे. दोघांचं भांडण झालं असेल तर ते मिटेपर्यंत त्यांना खाली सोडत नसे. सयाजी अंधाराला भितो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून सयाजीला नेहमी उन्हाच्या अंगाचं काम मिळायचं, आणि का मिळतं हे आप्पासोनं कधी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, मुकादमकी म्हणजे एवढंच असतं. कोणाचं वजन किती आणि ते कुठल्या अंगाला झुकतं, हे ओळखून असायचं.

सन पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर आम्ही वडूजपलीकडच्या एका गावात पिण्याच्या पाण्याची विहीर धरली. गावच्या बायका तीन मैलांवरून घागरी आणत होत्या. आमच्या टोळीतल्या जोतीरामची बायको मनुबाई वरती मुरमाच्या पाट्या वाहायची, आणि तीही सकाळी आधी पाण्याला जाऊन मग कामावर यायची.

टोळीत अर्जुना नावाचा गडी होता. याच कोरड्या भागातला, बापजाद्यांनी मेंढरं राखलेली. दगडाचा आवाज त्याला कळायचा. त्याचा उजवा गुडघा आखडलेला होता, म्हणून तो दांडक्यावर जरा डाव्या अंगाला कलून बसायचा. पौषातल्या एका सकाळी खाली उतरल्यावर त्यानं भिंतीवर घण मारून पाहिला आणि म्हणाला, "मुकादम, उगवतीची कपार पोकळ वाजतीया."

आप्पासोनं वर पाहिलं, खाली पाहिलं. भोकं निम्मी झाली होती. "आजचा दिस काढू. उद्या पाडू तिला."

कपार उद्यापर्यंत थांबली नाही. दुपारी ती सुटली. अर्जुना तिच्याखाली गेला आणि तिच्यातल्याच एका कपच्यानं माझा एक पेड कापला. अर्जुनाला माझ्यावरूनच वर आणलं. बांधून आणलेला माणूस फार वेगळा लागतो. त्यात कसलाच कल नसतो.

दुसऱ्या दिवशी आप्पासो मला खांद्यावर टाकून अर्जुनाच्या घरी गेला. ज्या दोरानं माणूस आणला तो घरच्यांपुढं ठेवायचा, अशी त्यांच्यात रीत होती. अर्जुनाची बायको बयाबाई अंगणात बसली होती. आप्पासोनं मला तिच्यासमोर ठेवलं, डोक्याचा पटका काढला आणि चार माणसांच्या देखत म्हणाला, "त्यानं सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई. चूक माझी हाय."

मी तोवर पुष्कळ माणसं पाहिली होती, पण असं बोलणारा माणूस पाहिला नव्हता.

बयाबाईनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. तिनं मला हातात घेतलं, कापलेल्या पेडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "समदा वर आला का त्यो?"

 मी विचारात पडलो. कारण मला तेव्हाच जाणवलं होतं की आणलं ते कमी होतं.

त्या दिवसापासून टोळीनं रिकामी खेप सुरू केली. विहिरीत माणूस गेला तर त्याची पाळी मोडायची नाही, अशी ही जुनी पद्धत. संध्याकाळी सगळे वर आले की दोर पुन्हा खाली सोडायचा, माणूस बसायला लागेल तेवढा वेळ थांबायचं आणि वर ओढायचा. पाणी लागेपर्यंत रोज. म्हणजे खाली राहिलेला खालीच राहत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी खाली गेलो. दांडकं तळाला टेकलं. चिमण्यांचा गलका वर कुठंतरी राहिला. खाली हवा गार होती आणि दारूचा वास होता. मी वाट पाहिली. मग मला एक हिसका बसला.

वरच्यांना वाटलं असेल की दांडकं दगडात अडकलं. त्यांनी ओढायला सुरुवात केली. मी मोकळा असायला हवा होतो, पण नव्हतो. माझ्या शेंड्याला वजन होतं आणि ते जरा डाव्या अंगाला कललेलं होतं.

नाथाजीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोन हाय?" कुणी बोललं नाही. रहाट कुरकुरत फिरत राहिला. काठाशी आल्यावर वजन उतरलं, जसा माणूस काठाला पाय लावून उतरतो तसं. कृष्णातनं आपले तळवे पाहिले आणि धोतराला पुसले.

आप्पासो बाजूलाच उभा होता. त्यानं नाथाजीला विचारलं, "जड लागलं?"

"व्हय," नाथाजी म्हणाला.

"लागू दे. वढायचं."

बास, एवढंच. कुणी त्यावर गप्पा मारल्या नाहीत, कुणी काम सोडून गेलं नाही. आप्पासोनं विचारलं होतं आणि नाथाजीचं खरं मानलं होतं. भीती होतीच, पण ती सगळ्यांत मिळून होती, म्हणून ती कुणालाच फार झाली नाही. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आप्पासो आता एकेकाला विचारू लागला, "काल काय जाणवलं? बोला." सुरुवात पाट्या वाहणाऱ्या बायकांपासून करायचा.

शिमग्याला त्याची छाती बोलायला लागली. पस्तीस वर्षं दगडाची धूळ गिळलेली छाती. खोकल्यानं त्याला दांडक्यावर बसवेना. लेक कऱ्हाडला होती, ती येऊन त्याला घेऊन गेली. जाताना त्यानं माझ्या कापलेल्या पेडावर सुतळी आवळून बांधली आणि नाथाजीला म्हणाला, "ह्याच्यावर दोन मानसं बसवू नगंस. एकच पेलंल त्यो."

गावाला विहीर पावसाळ्याआधी हवी होती. पंचांनी नवा मुकादम दिला. त्याचं नाव मानसिंग. लढाईवरून नुकताच परतलेला हवालदार, सरळ पाठीचा, मिशा कापलेल्या, गळ्यात शिट्टी. पलटणीत त्यानं रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांवर हुकूम चालवला होता.

त्याची निंदा मी करणार नाही. तो आला आणि पहारींना धार लागली. जखमेला बांधायला धुतलेल्या पट्ट्या आल्या. दारू पिऊन आलेल्याला त्यानं घरी धाडलं. कामाला वेळ ठरली, विश्रांतीला वेळ ठरली. पंधरा दिवसांत विहीर महिन्याएवढी खाली गेली. गावचे पंच येऊन मान डोलावून गेले.

पण तो काठावरून काम बघायचा. खाली फक्त तिघे उतरत, जोतीराम, सयाजी आणि सयाजीचा भाऊ. वात पेटवायचं काम त्यानं जोतीरामला दिलं आणि स्वतः पन्नास पावलांवर, बांधाच्या आड, हातात घड्याळ घेऊन उभा राहू लागला. तिसरी खेप वर आली की शिट्टी. शिट्टी झाली की सगळ्यांनी बांधाआड पळायचं, आणि सुरुंग उडेस्तोवर कुणी तोंड उघडायचं नाही.

नाथाजीची हाक त्यानं बंद केली. "वरडावरड कशाला? खेपा मोजा. तीन म्हंजे तीन."

रिकाम्या खेपेबद्दल कळल्यावर तो हसला नाही, हे मी सांगतो. काठाशी जाऊन त्यानं खाली डोकावलं. मग म्हणाला, "मेलेल्या मानसाला ड्यूटी नसती. म्या लय मानसं पुरल्याती. त्यांच्यासाठी रोज थांबलो असतो तर अजून तिथंच असतो."

"हवालदार, पानी लागंपातूर तरी..." नाथाजी म्हणाला.

"हात चालव नाथाजी, तोंड न्हाई."

सगळ्यांसमोर म्हणाला. नाथाजी पन्नाशीचा माणूस. त्यानं मान खाली घातली आणि त्या दिवसापासून तो खरोखरच बोलेनासा झाला. बाकीचेही त्याच्याकडं बघून गप्प झाले. सकाळी विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून सांगणारंही कुणी राहिलं नाही. काम झपाट्यानं होत होतं आणि टोळीत चिटपाखराचा आवाज नव्हता.

एकवीस दिवस अर्जुनाची पाळी चुकली.

संध्याकाळी मला रहाटावर गुंडाळून ठेवत, शेंडा तेवढा चार हात विहिरीत लोंबत असायचा. वारा पडलेला असायचा. आणि खालून मला हिसका बसायचा. एकच, नेहमीचा, वर घ्या म्हणून सांगणारा. थोड्या वेळानं पुन्हा एक. रागानं नाही. आपली पाळी का येत नाही, हे न कळलेल्या माणसासारखा. मी ताणला जायचो, रहाटाची खुंटी करकरायची आणि ऐकायला कुणी नसायचं.

एकदा मनुबाई विसरलेली पाटी न्यायला परत आली. तिनं दांडकं हलताना पाहिलं. ती तिथंच थबकली. पाटी छातीशी धरून पाठ न वळवता मागं मागं सरकत गेली. सकाळी ती मानसिंगच्या समोरून दोनदा गेली. दुसऱ्यांदा थांबलीही. त्यानं घड्याळातून मान वर काढली नाही.

मग वैशाखातला तो दिवस आला. दुपार कलली होती. तळाला पाच भोकं ठासून तयार होती. वात सहा हातांची, म्हणजे पेटल्यावर चार-पाच मिनिटं हातात.

पहिल्या खेपेला सयाजीचा भाऊ वर आला. मला दांडक्यासकट पुन्हा खाली सोडलं. सयाजी आला. तिसऱ्यांदा सोडलं. खाली जोतीराम एकटा होता, वाकून एकेक वात पेटवत होता. त्याची माझ्याकडं पाठ होती.

मला हिसका बसला.

जोतीरामनं दिलेला नव्हता. वर नाथाजी आणि कृष्णातनं ओढायला सुरुवात केली. मी उचलला गेलो, आणि माझ्यावर वजन होतं. डाव्या अंगाला कललेलं.

मी ओळखलं. खालून जोतीरामची पहिली हाक आली, "आरं थांबा!" पण तोवर मी दहा हात वर होतो आणि रहाटाच्या कुरकुरीत ती हाक विरली. मी पीळ सोडायचा प्रयत्न केला, अडकायचा प्रयत्न केला. दोराला ओढतील तिकडं जावं लागतं.

आणि सांगायची गोष्ट ही की, नाथाजीनंही ओळखलं.  एक क्षण त्याचा हात थांबला. त्यानं तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि मग ते मिटलं. खेपा मोजायच्या, तीन म्हणजे तीन. त्यानं ओढलं. काठाशी वजन उतरलं. शिट्टी वाजली. दोघांनी मागं न बघता खुंटी घातली आणि बांधाकडं पळाले.

अर्जुनाला मी दोष देत नाही. तो आयुष्यात कुणाच्या वाटेत आला नव्हता. त्याला फक्त वर यायचं होतं, आणि जी खेप आली तिच्यावर तो बसला.

बांधाआड सगळे खाली बसले. पुढचं मी काठावरून ऐकलं. मनुबाई एकेकाचं तोंड बघत गेली. मग ती उभी राहिली.

"आमचं मानूस कुटं हाय?"

"बस खाली," मानसिंग म्हणाला. "तीन खेपा झाल्यात."

"खेपा झाल्या असतील. मानूस कुटं हाय?"

मानसिंगनं पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढून माणसांकडं पाहिलं. सयाजी. त्याचा भाऊ. मग तो नाथाजीकडं वळला. "तिसरा कोन वढलास?"

नाथाजी म्हणाला, "अर्जुना व्हता, हवालदार. मला कळलं व्हतं."

एवढ्या वेळात दुसऱ्या एखाद्यानं नाथाजीला थोबाडीत मारली असती. मानसिंगनं शिट्टी गळ्यातून ओढून टाकली आणि विहिरीकडं धावत सुटला. मागं नाथाजी, मागं कृष्णात. त्यांनी मला सरळ खाली सोडून दिलं.

"धर जोतीराम," नाथाजी वाकून ओरडला. पाठीची रीत त्यानं त्या दिवशी मोडली.

"हात भाजल्यात. धरवत न्हाई," खालून आवाज आला. त्यानं दोन वाती हातानं उपटल्या होत्या. उरलेल्या तिन्ही जळत जळत भोकांत शिरल्या होत्या.

"वर घे दोर," मानसिंग म्हणाला. दांडकं काठाशी येताच तो त्याच्यावर बसला. "सोड मला."

"हवालदार, दोघं न्हाई पेलायचं हे. येकच."

"आधी त्यो," मानसिंग म्हणाला. "मग मी. सोड."

त्या माणसाचं वजन मी पहिल्यांदाच घेतलं. एकवीस दिवस तो आमचा मुकादम होता आणि एकदाही माझ्यावर बसला नव्हता. दणकट, ताठ, पण पोटऱ्या थरथरत होत्या. तो भ्याला होता. भिऊनही उतरत होता.

खाली त्यानं जोतीरामला दांडक्यावर बसवलं, कमरेचा पट्टा काढून त्याला माझ्याशी आवळलं आणि हिसका दिला. जोतीराम वर जाताना म्हणत होता, "तुमी बसा, तुमी बसा." मानसिंग म्हणाला, "नाव सांग वरती गेल्यावर." आणि जोतीराम सबंध वाटभर ओरडत राहिला, "जोतीराम. जोतीराम. जोतीराम."

त्याला उतरवून घेतला. मनुबाईनं त्याला काखेत धरून ओढत नेला. मी पुन्हा खाली गेलो. तळाशी धूर साचला होता. दोन हातांनी मला चाचपून धरलं. दांडक्यावर वजन आलं, दणकट आणि ताठ, आणि या खेपेला पोटऱ्या थरथरत नव्हत्या. हिसका बसला. मी एक हात उचलला गेलो, दोन हात, तीन हात.

मग सुरुंग उडाला.

नाथाजी आणि कृष्णात जमिनीवर आपटले, पण रहाटाचे दांडे त्यांनी सोडले नाहीत. दगड वर उडून आजूबाजूला पडले. कृष्णातच्या खांद्यातून रक्त आलं. धुरात काही दिसत नव्हतं. पण मी ताठ होतो. माझ्यावर वजन होतं.

"हाय. दोरावर हाय," नाथाजी म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "वढ गड्या, वढ."

त्यांनी ओढलं. मी सबंध जन्मात एवढा जड कधी झालो नव्हतो. अर्ध्या वाटेवर नाथाजीनं हाक दिली, "कोन हाय?" आणि उत्तराला थांबला. पुन्हा विचारलं. मी काठाशी आलो. वजन काठावर उतरलं, अगदी सावकाश, थकलेल्या माणसासारखं. नाथाजीनं वळून पाहिलं.

माझा शेंडा जळून गेला होता. दांडकं नव्हतं. आठ हात दोर खाली तुटून राहिला होता. धुमसणाऱ्या वाखाच्या टोकाला काहीही नव्हतं.

दिवस मावळताना सगळे बांधापाशी जमले. कुणाला उठवत नव्हतं. तेव्हा नाथाजी उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. तो एकेकाच्या समोर गेला, तोंडाकडं बघून नाव घेऊ लागला. सयाजी, हाय. सयाजीचा भाऊ, हाय. कृष्णात, हाय. जोतीराम, हाय. मनुबाई, हाय. बाकीच्या बायकांचीही नावं त्यानं घेतली.

मग त्यानं नाव घेतलं, "मानसिंग."

सगळे विहिरीकडं बघू लागले. नाथाजीनं आपले दोन्ही तळवे पुढं धरले. सालटं निघाली होती.

"आलाय वर," तो म्हणाला. "म्या वढलाय त्याला."

कुणी त्याला वेडा म्हटलं नाही. कृष्णातनं मान हलवली.

सकाळी तळाला गुडघाभर पाणी होतं. त्या सुरुंगानंच झरा मोकळा झाला होता. त्याच पाण्यातून मानसिंगला दुसऱ्या दोरानं वर आणला. पंचनामा झाला. पलटणीतले दोन जुने सोबती येऊन त्याला त्याच्या गावी घेऊन गेले. पाणी लागलं होतं, त्यामुळे रिकाम्या खेपेची गरज उरली नव्हती. तशीही तिच्यावर बसायला आता कुणी खाली राहिलेलं नव्हतं.

लोक म्हणतात, आप्पासो चांगला मुकादम आणि मानसिंग वाईट. मी दोघांनाही उचललं आहे. आप्पासोनं एकदा ऐकलं नाही आणि माणूस गेला. मानसिंगनं एकवीस दिवस ऐकलं नाही, आणि ऐकलं तेव्हा एका बाईच्या एका प्रश्नावर उठून खाली उतरला. शेवटच्या चार मिनिटांत त्याच्याएवढा मुकादम मी पाहिला नाही. पण ती चार मिनिटं यायलाच नको होती, हेही तितकंच खरं.

आता एकोणपन्नास साल चालू आहे. टोळी नाथाजी चालवतो. त्यानं लोखंडी तारेचा दोर आणला आहे, तो माझ्यापेक्षा मजबूत आहे आणि त्याला काही जाणवत नाही. मी नाथाजीच्या सोप्यात खुंटीला असतो. वाख ठिसूळ झाला आहे, उंदरांनी एक पेड कुरतडला आहे. फार दिवस राहीन असं वाटत नाही.

कधीकधी दिवेलागणीला माझ्यावर वजन येतं. खुंटी करकरते, भिंतीची माती थोडी गळते. ते अर्जुनाचं नसतं आणि मानसिंगचंही नसतं. अनोळखी असतं, दर वेळी निराळं. कुठल्या तरी दुसऱ्या विहिरीतलं, खाणीतलं, कारखान्यातलं असेल. ज्यांची खेप कुणी मोजली नाही, अशी माणसं असतील. मी त्यांना जमेल तेवढा वेळ धरून ठेवतो. पण मी आता जुना झालो.

म्हणून जाता जाता तुमच्याजवळ एवढंच मागतो. तुमच्या हाताखाली कुणी दोर ओढत असेल, तर त्याच्या हाताला काय लागतंय ते त्याला विचारा, आणि तो सांगत असेल तर सांगू द्या. त्या दुपारी तिसऱ्या खेपेला दोघांना खरं कळलं होतं. मी बोललो नाही, कारण मला तोंड नव्हतं. नाथाजीला होतं.